पडण्याची मुभा

३१ जुलै १९९६ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या वाळवंटात डीसी-एक्सए हे यान उड्डाण करून शेपटीवर उभे राहत जमिनीवर उतरले. उतरणे बिनचूक होते. पण चार पायांपैकी एक उघडलाच नाही. यान कलंडले, द्रवरूप ऑक्सिजनची टाकी फुटली आणि आगीने बाकीचे काम पुरे केले. चौकशीत आढळले ते असे, की त्या पायाच्या यंत्रणेतली हेलियमची एक नळी जोडायचीच राहून गेली होती.

या अपघाताचा धडा एका ओळीचा होता. त्याच यानाने जूनमध्ये २६ तासांच्या अंतराने दोन उड्डाणे केली होती. म्हणजे मूळ कल्पनेत खोट नव्हती. पण यान एकच होते. नासाने त्याच महिन्यात पुढच्या कामासाठी एक्स-३३ या निराळ्या आराखड्याची निवड केली होती, त्यामुळे जळालेले यान पुन्हा बांधले गेले नाही. एक्स-३३ स्वतः एकदाही न उडता २००१ साली गुंडाळले गेले.

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर शोभते. पण दुसरी पायरी बांधायला पैसा कुठून येतो, हे ते वाक्य सांगत नाही. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटची कहाणी वाचताना मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

२०१० मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत खालचा टप्पा पॅराशूटने उतरवायचा बेत होता. पॅराशूट उघडण्याआधीच टप्पा वातावरणात मोडला. मग पॅराशूट सोडून इंजिने पुन्हा पेटवण्याचा मार्ग धरला. सप्टेंबर २०१३ मध्ये तीन इंजिने पेटली, टप्पा वातावरणातून शाबूत आला. पण तो स्वतःभोवती फिरू लागल्याने इंधन टाकीच्या कडांना गेले आणि अखेरचे इंजिन बंद पडले. १० जानेवारी २०१५ ला टप्पा समुद्रातल्या तरंगत्या फलाटापर्यंत पोहोचला. (फलाटाचे नाव ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’, म्हणजे ‘नुसत्या सूचना वाचा’, इयन बँक्स यांच्या कादंबरीतून उचललेले!) दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचे हायड्रॉलिक तेल ऐनवेळी संपले आणि टप्पा तिरपा आदळला. एप्रिलमध्ये तेल पुरले, तर इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी झडप अडखळली.

प्रत्येक वेळी चूक नवी होती. आणि यांपैकी कोणत्याच उड्डाणात गिऱ्हाइकाचा मुख्य माल बुडाला नव्हता. तो वर पोहोचला होता, त्याचे भाडे वसूल होत होते. खालचा टप्पा एरवीही समुद्रातच जायचा. म्हणजे प्रयोगशाळेचा खर्च मालवाहतूक उचलत होती, आणि आदळण्यापूर्वीच्या क्षणापर्यंतची मोजमापे जमिनीवर पोहोचत होती.

हे खरे कशावरून? त्याच वर्षीचा २८ जून पाहा. या वेळी रॉकेट चढतानाच, १३९व्या सेकंदाला फुटले. वरच्या टप्प्यात हेलियमची टाकी धरून ठेवणारा एक आधारदांडा तुटला, असा कंपनीचा निष्कर्ष होता. अंतराळ स्थानकाकडे निघालेले सामान गेले. या अपयशाचे कोणी कौतुक केले नाही. उड्डाणे जवळजवळ सहा महिने थांबली. त्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात, २१ डिसेंबरला, टप्पा केप कॅनाव्हरलच्या जमिनीवर उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा एकाचा पाय अडकला नाही, बहुधा धुक्याच्या बर्फामुळे, आणि तो कलंडून फुटला. व्हाइट सँड्सच्याच जातीचा अपघात! पण कार्यक्रम थांबला नाही. एप्रिलमध्ये फलाटावर उतरलेला टप्पा ३० मार्च २०१७ रोजी दुसऱ्यांदा उडाला.

डीसी-एक्सवर काम केलेले काही अभियंते पुढे ब्लू ओरिजिन कंपनीत गेले. तिचे न्यू शेपर्ड रॉकेट अवकाशाच्या सीमेपर्यंत जाऊन शेजारच्याच टेक्सासमध्ये उभ्याने उतरले, ते २३ नोव्हेंबर २०१५ रोजी. नळीच्या त्या अपघाताला तेव्हा १९ वर्षे झाली होती.