२२ अक्षरांचा रेणू आणि प्रकाशाची साक्ष

१/ जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या वाढीचा क्रम सांभाळणाऱ्या लिन-४ या जनुकाचा माग घेताना व्हिक्टर अँब्रोस यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेला आढळले की, या जनुकापासून प्रथिन तयारच होत नाही. तयार होतो तो अवघ्या २२ अक्षरांचा, म्हणजे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए.

२/ १९९२ मध्ये अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी आपापल्या जनुकांचे अक्षरक्रम ताडून पाहिले. लिन-४ चा तुकडा लिन-१४ च्या संदेशवाहक आरएनएवर जुळून बसत होता आणि त्याचे प्रथिन रोखत होता. १९९३ मध्ये हे ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झाले, पण अनेकांनी ते त्या कृमीपुरतेच मानले. २००० मध्ये लेट-७ हा दुसरा रेणू माणसातही सापडला आणि दृष्टी पालटली.

३/ आता प्रश्न मोजणीचा होता. ‘नॉर्दर्न ब्लॉट’ला भरपूर नमुना आणि बहुधा किरणोत्सारी खूण लागे. पीसीआरचा प्रायमरच सुमारे २० अक्षरांचा. म्हणजे शोधणारा आणि शोधायचा रेणू जवळपास सारख्याच लांबीचे! शिवाय लेट-७ कुळातील काही भावंडांत फरक केवळ एका अक्षराचा.

४/ वाट दाखवली ती एका जुन्या शोधाने. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवले की, क्विनीनचे द्रावण अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देते. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ म्हटले, मराठीत अनुस्फुरण.

५/ १९९६ मध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी ‘मॉलिक्युलर बीकन’ मांडला. केसाच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनए. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा. लक्ष्य जुळले की आकडा उघडतो आणि प्रकाश दिसतो. एका अक्षराची चूकही त्याला ओळखता येते.

६/ २००५ मध्ये आखूड लक्ष्याची अडचणही सुटली. दुमडलेला प्रायमर मायक्रोआरएनएच्या टोकाला जोडून आधी त्याची लांब प्रत करायची, मग पीसीआरच्या प्रत्येक फेरीत वाढणारा प्रकाश मोजायचा.

७/ २००८ मध्ये प्रोस्टेट कर्करोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात मायक्रोआरएनए-१४१ वाढलेला आढळला. रक्ताच्या थेंबातून रोगाची चाहूल लागण्याची आशा जागली; पण नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या, तरी काही मायक्रोआरएनए वाढलेले दिसतात. म्हणून प्रकाश दिसणे पुरेसे नसते. तो कोणाचा आहे, हेही सिद्ध करावे लागते.

८/ २०२४ मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळाले. कृमीपुरता मानलेला तो तुकडा आज माणसाच्या रक्तात शोधला जातो, प्रकाशाच्या साक्षीने.