केराची पट्टी आणि नागरिकाचा हक्क

नगरपालिकेचा कारभार कसा चालला आहे हे जाणावयाचे असेल, तर तिच्या सभागृहापेक्षा तिच्या केराच्या गाडीकडे पाहावे. गाडीचा मालक कोण, तीवर राबणाऱ्याला मजुरी काय मिळते आणि घरटी किती पैसे मोजावे लागतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत शहराच्या लोकशाहीची बरीच हकीकत येऊन जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये केर ही विकाऊ वस्तू होती. चुलीतील कोळशाची राख वीटभट्टीवाले घेत. म्हणून केर उचलण्याचा मक्ता मिळावा यासाठी मक्तेदारच स्थानिक पंचायतीला पैसे देत. पुढे राखेचा भाव उतरला आणि तेच मक्तेदार केर उचलण्याबद्दल उलट पैसे मागू लागले. पटकीच्या साथींनी लोकांचे डोळे उघडले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यापर्यंत येता येता केर हलविणे हे स्थानिक संस्थेचे काम ठरत गेले. नफा असो वा नसो, केर उचललाच पाहिजे, हे तत्त्व समाजाने असे किंमत मोजून मिळविले.

ते तत्त्व पुन्हा कसे हातचे जाते, याचा धडा आयर्लंडच्या डब्लिन शहराने अलीकडे गिरविला. त्याची सुरुवात मात्र एका गोड वचनाने झाली. १९७७ च्या निवडणुकीत फियाना फॉल पक्षाने राहत्या घरांवरील घरपट्टी काढून टाकण्याचे आश्वासन दिले आणि सत्तेवर येताच, १९७८ पासून, ते पाळले. लोक खूष झाले. परंतु घरपट्टी गेली तशी स्थानिक संस्थांची स्वतःची मिळकतही गेली, आणि सरकारी अनुदानाने ती तूट भरून निघेना. म्हणून १९८३ मध्ये कायदा करून या संस्थांना सेवांबद्दल आकार घेण्याची मुभा देण्यात आली.

या शतकाच्या आरंभी डब्लिनमध्ये केराच्या पट्टीवरून मोठी चळवळ उभी राहिली. आम्ही करातून एकदा पैसे दिले आहेत, ते पुन्हा का द्यावेत, हा लोकांचा पहिला सवाल होता. दुसरा मुद्दा अधिक दूरदृष्टीचा होता: आज सेवेला किंमत लावाल, तर उद्या ती विकताही येईल. २००३ च्या कायद्याने पट्टी न भरणाऱ्यांचा केर न उचलण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. फिंगल भागात लोकांनी गाड्या अडविल्या, हायकोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि तो मोडल्याबद्दल खासदार जो हिगिन्स व नगरसेविका क्लेअर डेली यांना सप्टेंबर २००३ मध्ये महिन्याची कैद झाली.

पुढे घडले ते चळवळीने सांगितले तसेच. किंमत ठरली तशा खासगी कंपन्या गिऱ्हाईक ओढू लागल्या. एका भागाचा केर एकाच हाती ठेवावा, असा बेत डब्लिनच्या स्थानिक संस्थांनी केला होता. एका कंपनीने दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. गरिबांना पट्टीत सवलत देण्याचा भार नगरपालिकेवर होता, कंपन्यांवर तसे बंधन नव्हते. ही शर्यत बरोबरीची कशी म्हणावी? जानेवारी २०१२ मध्ये डब्लिन नगरपालिकेने घरगुती केराचे काम सोडले आणि ते ग्रेहाउंड या कंपनीकडे गेले.

येथे माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाची नजर गाडीवरच्या माणसाकडे जाते. जून २०१४ मध्ये त्या कंपनीत ३५ टक्क्यांपर्यंतची पगारकपात पुढे आली. ती नाकारणारे कामगार दाराबाहेर राहिले, आणि हा झगडा सप्टेंबरपर्यंत चालला. लगेच २०१६ मध्ये गिऱ्हाइकाची पाळी आली. १ जुलैपासून वजनावर आकार घेण्याचे ठरले होते. पण कंपन्यांचे नवे दर, विशेषतः वाढलेले स्थिर आकार, पाहून इतका गहजब झाला की सरकारला ती योजना थांबवून वर्षभर दर गोठविण्याचा करार कंपन्यांशी करावा लागला. जास्त केर करणाऱ्याने जास्त द्यावे, हे तत्त्व वाईट नाही. पण लहान मुलांचे घर आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे घर यांचा केर उधळपट्टीतून होत नाही, एवढे ध्यानात घेणारा कोणी तरी दर ठरविताना असावा लागतो. २०१८ मध्ये तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगानेच या धंद्यावर नियामक नेमावा, अशी शिफारस केली. बाजार मोकळा सोडल्याने सर्व आपोआप सुरळीत होईल, ही समजूत तेथे टिकली नाही.

आपल्याकडेही २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरोघरी शुल्क घेण्याची तरतूद केली. तरीही शुल्क म्हणजे कंपनीच, असे समीकरण नाही. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव प्रभृतींच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क तेथेही आहे. परंतु ते केर उचलणाऱ्या बाईच्या हाती पडते.

म्हणून श्रोतेहो, आपल्या गावी अशी पट्टी आली, तर ती किती आहे एवढे विचारून थांबू नका. गरिबाला सवलत कोण देणार, गाडीवरच्या माणसाला पगार काय मिळणार आणि दर वाढला तर जाब कोणाला विचारायचा, हेही विचारा. नगरसेवकाला आपण मत नाकारू शकतो. कंपनीला फार तर गिऱ्हाइकी नाकारता येते, आणि दाराशी येणारी गाडी एकच असेल तर तेही नाही.