बनावट औषधे: ओळखायची कशी, तक्रार कुठे करायची?

बनावट औषधात मूळ घटक कधी नसतोच, कधी कमी असतो, कधी भलताच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या अंदाजानुसार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 10 पैकी 1 औषध निकृष्ट किंवा बनावट असते. गोळ्या चालू असूनही अम्मी-अब्बांची शुगर, बीपी आटोक्यात येत नाही. कमी ताकदीच्या अँटिबायोटिकमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

औषध परवाना असलेल्या मेडिकलमधूनच, पक्क्या बिलावर घ्या. बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी जुळवा. 1 ऑगस्ट 2023 पासून तयार होणाऱ्या 300 प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलवर स्कॅन करा. स्वस्त म्हणजे बनावट, असे मात्र नाही. जेनेरिक औषधेही अस्सलच असतात.

शंका आली तर स्ट्रिप आणि बिल फेकू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. परस्पर औषध बंद करू नका. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. बनावट औषधाने जीव गेला तर कायद्यात किमान 10 वर्षे कैद, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण पुरावा हवा, म्हणून बिल जपा.