कपडे वाळविण्याचे यंत्र : दोषनिदान व दुरुस्ती

धुतलेल्या कपड्यांतील पाण्याची उष्ण हवेने वाफ करून ती काढून टाकणाऱ्या घरगुती यंत्रास कपडे वाळविण्याचे यंत्र किंवा व्यवहारात ड्रायर म्हणतात. भारतात अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रातील, कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या दुसऱ्या टाकीसही ड्रायर म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तीत तापक नसल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. हे यंत्र मुख्यतः उत्तर अमेरिका व यूरोप येथील थंड प्रदेशांत रूढ झाले. बिघडलेले यंत्र दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न प्रारंभी केवळ खर्चाचा होता; पुढे तो सुरक्षिततेचा आणि अखेरीस कायद्याचाही झाला.

इ. स. १८०० च्या सुमारास पोशाँ या फ्रेंच माणसाने विस्तवावर हाताने फिरवावयाचे सच्छिद्र पिंप तयार केले. त्यात कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वासही लागे. अमेरिकेत जॉर्ज टी. सॅम्पसन यांना १८९२ मध्ये शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याच्या चौकटीचे एकस्व मिळाले. नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांनी फिरते पिंप व तापक यांची सांगड घालण्याचे प्रयोग दीर्घकाळ केले. त्यांच्या कल्पनेवर आधारलेले स्वयंचलित यंत्र विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स येथील हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये विक्रीस आणले. ही कंपनी मूळची लाकडी मुद्राक्षरे करणारी होती. यंत्राच्या दारास काचेची खिडकी ठेवण्याची सूचना अभिकल्पक ब्रुक्स स्टीव्हन्स यांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्राचा अमेरिकेत झपाट्याने प्रसार झाला.

त्यानंतर सुमारे अर्धे शतक यंत्राची मूळ रचना फारशी बदलली नाही आणि त्याच्या दुरुस्तीची परंपरा टिकण्याचे खरे कारण हेच होय. पिंप, त्याभोवतीचा पट्टा, मोटर, पंखा, विजेचा अथवा वायूचा तापक, तापनियंत्रक आणि वेळनियंत्रक एवढेच त्याचे मुख्य घटक. पट्टा तुटला की मोटर फिरते पण पिंप फिरत नाही. ते हाताने ढकलल्यास अगदी सैल फिरते. पिंपाखालील रुळे झिजली की ठोके ऐकू येतात, तर पट्टा ताणून धरणारी कप्पी कोरडी पडली की किंचाळल्यासारखा आवाज येतो. यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर दाराची कळ व उष्णतेने तुटणारी वितळतार प्रथम तपासतात. अमेरिकेतील विद्युत् यंत्रांच्या बाबतीत एक गंमतीदार फसगत नेहमी आढळते. तेथे तापकास २४० व्होल्ट, तर मोटरीस १२० व्होल्ट दाब लागतो. घरातील मंडलखंडकाची एकच बाजू तुटली, तर पिंप फिरत राहते, परंतु उष्णता मात्र निर्माण होत नाही. अशा वेळी चांगला तापक नाहक बदलला जातो.

कपडे वाळण्यास फार वेळ लागणे ही सर्वांत सामान्य तक्रार होय. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सु. ०·६३ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. त्यामुळे धुलाई यंत्र नीट पिळत नसेल, तर त्याचा दोष वाळविणाऱ्या यंत्राच्या माथी येतो. याहूनही अधिक वेळा दोष असतो तो हवा बाहेर नेणाऱ्या नळीत. कपड्यांतून सुटलेले तंतू जाळीतून निसटून तेथे साचतात, हवेचा प्रवाह मंदावतो, तापमान वाढते व वितळतार तुटते. नळी साफ न करता केवळ वितळतार बदलल्यास ती पुन्हा तुटते. वितळतार वगळून तारा परस्परांस जोडण्याची युक्ती काही हौशी लोक करतात. ती सर्वथा घातक आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८–१० या काळात अशा यंत्रांमुळे घरांना दरवर्षी सु. २,९०० आगी लागल्या आणि यंत्राची स्वच्छता न ठेवणे हे त्यांचे प्रमुख कारण होते.

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक आणि यंत्राचे निम्मे आयुष्य सरलेले असेल, तर ते बदलावे, असा ठोकताळा प्रचलित आहे. अमेरिकेतील गृहबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेने २००७ मध्ये हे आयुष्य सरासरी १३ वर्षे धरले होते. पट्टा, रुळे, वितळतार किंवा तापक बदलणे जुन्या यंत्रातही बहुधा परवडते. मोटर किंवा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक गेल्यास हिशेब पालटतो. मात्र निदानापूर्वी ठोकताळा लावणे व्यर्थ आहे. नळी तुंबलेली असल्यास नवे यंत्रही जुन्यासारखेच वागते.

अभिकल्पातच दोष असेल, तर हा ठोकताळा अपुरा पडतो. ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा इ. नावांनी एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात विकलेल्या लक्षावधी यंत्रांत सुटे तंतू तापकापर्यंत पोहोचून पेट घेण्याचा धोका असल्याचे व्हर्लपूल कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केले. यंत्रे घरी येऊन सुधारून देण्याची मोहीम सुरू झाली. तोपर्यंत लक्ष ठेवून ती वापरण्यास हरकत नाही, असा सल्ला देण्यात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमधील शेफर्ड्स बुश भागातील एका बहुमजली इमारतीस अशाच यंत्रापासून आग लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सल्ला बदलून यंत्रांची वीजजोडणी काढून ठेवण्यास सांगण्यात आले, तर जुलै २०१९ मध्ये सुधारणा न झालेली यंत्रे परत मागविण्यात आली. त्यांची संख्या पाच लाखांपर्यंत असल्याचा अंदाज होता. धोका ठाऊक असलेले यंत्र दुरुस्तीच्या प्रतीक्षेत चालू ठेवू देणे कितपत योग्य, हा प्रश्न तेथील संसदेतही गाजला.

दरम्यान यंत्राचे स्वरूपही बदलत गेले. यांत्रिक वेळनियंत्रकाच्या जागी कपड्यांचा ओलावा त्यांच्या विद्युत् संवाहकतेवरून ओळखणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यूरोपात उष्णता पंपाचा वापर सुरू झाला. या प्रकारात गरम हवा बाहेर न टाकता तीतील उष्णता पुन्हा वापरली जाते आणि विजेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. पण संपीडक व प्रशीतक असलेले बंद मंडल घरी दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी प्रशीतन तंत्रज्ञच लागतो. प्रशीतक म्हणून ज्वालाग्राही प्रोपेन वापरलेले असल्यास तर विशेष दक्षता घ्यावी लागते. जुने यंत्र टिकविणे काटकसरीचे की अधिक वीज जाळणारे म्हणून ते टाकणे शहाणपणाचे, हा पेच यातूनच उद्भवला. यूरोपीय संघाने दोन्ही अंगांनी नियम केले. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी ऊर्जाक्षमतेची पातळी उंचावली व सुटे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. तसेच २०२४ च्या दुरुस्तीविषयक निदेशात या यंत्रांचा समावेश करण्यात आला असून सदस्य देशांना त्यानुसार कायदे करण्यासाठी ३१ जुलै २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.