पुसट कडेचा इतिहास : पिंगुळीची छाया, फाळके यांच्या आगकाड्या आणि संगणकनिर्मित प्रतिमा

प्रस्तुत लेखाचा विषय संगणकनिर्मित प्रतिमांतील दोन प्रकारची अस्पष्टता हा आहे. भिंगातून पाहताना ठराविक अंतरावरील वस्तू रेखीव दिसते आणि तिच्या पुढील-मागील वस्तू पुसट होतात. रेखीवपणाच्या या पट्ट्यास छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. शटर उघडे असताना वस्तू हलली तर तिचा फराटा उमटतो; तो मोशन ब्लर. छायाचित्रात हे दोन्ही आपोआप, पुष्कळदा छायाचित्रकाराच्या इच्छेविरुद्धही, उतरतात. संगणकास मात्र ते मुद्दाम शिकवावे लागले. हा इतिहास अमेरिकेतील प्रयोगशाळांपासून सांगण्याची प्रथा आहे. त्याचे काही धागे आपल्याकडेही सापडतात.

कसालहून महामार्गाने दक्षिणेस कुडाळ ओलांडले की पिंगुळी लागते. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला जतन केल्या आहेत. त्यांतील एक ज्येष्ठ कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या कागदावर सर्व आकृत्या एकाच प्रतलात आणि सारख्याच रेखीव असतात. जवळ-दूर हा भेद तेथे नाही. छायाखेळात तो आहे. बाहुली पडद्यास टेकली की छायेची कड स्पष्ट होते, मागे घेतली की छाया मोठी व कड पुसट होते. कारण दिव्याची ज्योत बिंदू नसते, तिला रुंदी असते. ज्योत 2 सेंमी रुंद व बाहुलीपासून 60 सेंमी दूर मानली, तर पडद्यापासून 3 सेंमीवरील बाहुलीच्या छायेची पुसट कड सुमारे 1 मिमी भरते. तीच बाहुली 15 सेंमीवर असता ती 5 मिमी होते. ही उपच्छाया कलावंताच्या हातातील अंतरावर अवलंबून असते.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. त्यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ (1915) या लघुपटात आगकाड्या हालताना दिसतात. काडी किंचित सरकवावयाची, स्थिर असताना एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, अशी ही पद्धती. चित्र घेताना वस्तू निश्चल असल्याने फराटा उमटतच नाही. म्हणूनच या पद्धतीच्या चलनाला एक धक्केदारपणा असतो. तो दूर करण्यासाठी ‘ड्रॅगनस्लेयर’ (1981) या अमेरिकन चित्रपटात शटर उघडे असतानाच प्रतिकृती यंत्राने हलविण्यात आली.

आरंभीच्या संगणकनिर्मित प्रतिमांची अडचण आगकाड्यांचीच होती. प्रत्येक चित्र एका क्षणाचे आणि टाचणीएवढ्या छिद्रातून पाहिलेले, म्हणून सर्वत्र रेखीव. पोटमेसिल व चक्रवर्ती यांनी 1981 मध्ये भिंग आणि छिद्र यांचे गणित प्रतिमानिर्मितीत आणले. निर्णायक पाऊल 1984 मध्ये लुकासफिल्ममधील रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर व लॉरेन कारपेंटर यांनी टाकले. प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्यासाठी अनेक किरण सोडावयाचे. ते भिंगाच्या पृष्ठभागावर विखुरले की डेप्थ ऑफ फील्ड मिळते, शटरच्या काळात विखुरले की मोशन ब्लर, आणि दिव्याच्या रुंदीवर विखुरले की उपच्छाया. पोर्टर यांच्या ‘1984’ या प्रसिद्ध चित्रात धावत्या बिलियर्ड चेंडूंसोबत त्यांच्या छायाही फराटल्या आहेत. म्हणजे पिंगुळीच्या पडद्यावरील पुसट कड आणि कॅमेऱ्यातील पुसट पार्श्वभूमी ही एकाच गणिताची दोन रूपे ठरली. माझ्या मते या निबंधाचे खरे मोल वेगापेक्षा या एकीकरणात आहे.

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. एका विद्यार्थ्याने मला छायाखेळाची संगणकीय प्रतिकृती दाखविली. आकृत्या उत्तम होत्या, परंतु सर्व छाया कात्रीने कापल्यासारख्या. प्रकाशस्रोत बिंदुरूप ठेवला गेला होता. पाहणाऱ्यास ती अधिक ‘स्वच्छ’ वाटली, आणि धोका नेमका तेथेच आहे; कारण बाहुली मागे घेण्याची कलावंताची कृतीच तीतून निम्मी पुसली गेली होती. स्रोतास 2 सेंमी रुंदी देताच कडा मऊ झाल्या. परंतु ती रुंदी मी अंदाजाने सांगितली होती. खेळांचे दस्तऐवजीकरण करताना संवाद व गीते टिपली जातात. त्याच वहीत दिवा तेलाचा होता की विजेचा, ज्योत किती रुंद, पडदा किती दूर, बाहुली केव्हा मागे घेतली, या नोंदीही जाणत्या कलावंतांना विचारून आताच व्हावयास हव्यात.