पाच हजारांत नऊ नावे

आपल्या पूर्वजाची अखेरची जागा कोणती, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणाला पडत नाही. देह अग्नीच्या स्वाधीन केला, अस्थी नदीत सोडल्या, की स्थळाशी असलेले नाते संपते. उरते ती तिथी. परंतु सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलखांत अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांना तिथीही ठाऊक नाही. पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परतले नाहीत, एवढीच वार्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. त्या पणजोबांचा शोध घेऊ लागले म्हणजे इतिहासाचे एक निराळेच पान उलगडते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन शत्त-अल-अरबच्या मुखाशी उतरली. तीत मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या पलटणी लढल्या. पुढच्या वर्षी बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला माघार घ्यावी लागली आणि कुट येथे १४७ दिवसांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी शिबंदी शरण गेली. कोणी लढाईत पडले, कोणी उपासमारीने व रोगाने गेले, कोणी तुर्कांच्या कैदेत मेले.

१९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचे तत्त्व उदात्त होते. हुद्दा, धर्म, वर्ण न पाहता प्रत्येक मृताचे नाव दगडावर कोरावयाचे, असे ते तत्त्व होते. आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. तैग्रिसच्या काठी अमारा येथे हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे सुमारे ५,००० माणसे पुरलेली आहेत. पैकी ओळख पटते ती अवघ्या नऊ जणांची. लष्करी अधिकाऱ्यांनी दफनाची नीट नोंदच ठेवली नाही. रस्त्यापलीकडे दुसरी दफनभूमी आहे. तेथील थडग्यांचे दगड जमिनीतील क्षारांनी खराब होऊ लागले, तेव्हा १९३३ साली ते काढून घेतले आणि नावे भिंतीवर कोरली. दगड गेला तरी नाव राहिले, कारण ते कागदावर होते.

ज्यांची कबर ज्ञात नाही अशांसाठी १९२९ साली बसऱ्याचे स्मारक उघडले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी कोरली. १९९७ साली हे स्मारक तेथून हलवून नासिरियाच्या वाटेवर, सुमारे ३२ किलोमीटरांवर उभारण्यात आले. स्मारकाने जागा बदलली. आकड्यांची नावे झाली नाहीत.

मग पणतवाने शोधावे कोठे? प्रथम घरात. शिपायाला मिळालेल्या रुपेरी पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी पाठवलेल्या काशाच्या चकतीवर नुसते नाव असते. हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, कारण मरणात सारे समान. दगडावर नाकारलेली समानता निदान या चकतीवर पाळली गेली. यानंतर आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. दगडावर नसलेल्या पुष्कळ शिपायांची नावे तेथे मृत्युदिनांकासह मिळतात. काहींच्या पुढे बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही असतो. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले नाव ओळखू येणे कठीण, आणि एका पलटणीत एकाच नावाचे शिंदे अनेक. म्हणून नावापेक्षा क्रमांकावर व गावावर भिस्त ठेवावी. क्रमांक, गाव आणि दिनांक ही तिन्ही जुळली, की माणूस सापडला असे समजावे.

२०२१ साली आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेद मान्य केला. किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन माणसांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये क्षमाही मागितली. पण क्षमेने नाव परत येत नाही; ते घरच्या पेटीतून आणि गावच्या आठवणीतूनच यावे लागते. आपल्याकडील पुष्कळ गावांत एक शिळा आहे. येथून इतके गेले, त्यांपैकी इतके पडले, असे ती सांगते. त्या आकड्यांखाली नावे लिहिण्याचे काम अद्याप उरले आहे. ते आपण नाही केले, तर दुसरे कोण करणार?