उथळ पाण्याची फळी

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या हद्दीत येलदरी आहे आणि पैनगंगेवर, हिंगोली जिल्ह्याच्या सीमेलगत इसापूर. या जलाशयांवर मासेमारी चालते, पण शिडाची परंपरा या भागाला नाही. ती रुजायला कारणच नव्हतं. धरणाआधीची पूर्णा पावसाळ्यात अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी नदी होती. आता तिथे मोठं उघडं पाणी आहे आणि त्यावर वाराही आहे. तरी तिथे शिडाची होडी सोडायची म्हटलं, तर पहिला प्रश्न पाण्याच्या खोलीचा येईल. हाच प्रश्न जगात अनेकांना पडला आणि त्यांतल्या काहींनी तो एका लाकडी फळीनं सोडवला.

आडव्या वाऱ्यात शीड होडीला पुढे ओढतं, त्याहून जास्त बाजूला ढकलतं. होडीचा तळ खोल असेल, तर पाण्यातला कणा हा रेटा अडवतो. तळ सपाट असेल, तर होडी तिरकी वाहवत जाते. सुकाणू कितीही धरलं तरी समोरचा काठ गाठता येत नाही. खोल कणा लावावा, तर उथळ पाण्यात होडी रुतते. म्हणजे पाण्यात खोली हवी, पण ती हवी तेव्हा काढूनही घेता यायला हवी.

या अडचणीवरचं लेखी स्वरूपातलं जुनं उत्तर चीनमध्ये सापडतं. तांग राजवटीतल्या ली छुआन यानं 759 साली लिहिलेल्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथात ‘समुद्री ससाणा’ नावाच्या लढाऊ नौकेचं वर्णन आहे. तिच्या दोन्ही बाजूंना ससाण्याच्या पंखांसारख्या फळ्या असत आणि वाऱ्यालाटांत त्या नौकेला सावरत. पुढे यांगत्सेच्या मुखापासून उत्तरेकडच्या वाळूच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या सपाट तळाच्या ‘शाछुआन’ गलबतांवर अशा फळ्या नेहमीच्या झाल्या.

युरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही फळी नेदरलँड्सच्या पाण्यावर दिसू लागते. ती चीनहून आली की डचांनी स्वतः शोधली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण त्या देशाचं पाणीच तशी फळी मागणारं होतं: भरतीला भरणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे, कालवे आणि झाउडरझी हे उथळ आखात.

डच कारागिरांनी या फळीचं शास्त्र घडवलं. ओकच्या जाड फळ्या शेजारी शेजारी जोडून त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. पट्ट्यांमुळे सांधे धरून राहतात आणि एरवी तरंगणाऱ्या लाकडाला बुडायला वजनही मिळतं. अशी तयार झालेली फळी होडीच्या काठाजवळ एकाच जाड खिळीवर टांगायची, म्हणजे ती खिळीभोवती फिरते. मागच्या टोकाला बांधलेला दोर ओढला की ती वर येते, सैल सोडला की पाण्यात उतरते. तळ चिखलाला लागला तर फळी आपोआप उचलली जाते.

फळ्या दोन असतात आणि एका वेळी वाऱ्याआडचीच पाण्यात सोडतात. त्या बाजूला पाण्याचा दाब फळीला होडीच्या अंगावर दाबून धरतो. वाऱ्याकडची सोडली, तर तोच दाब तिला बाहेर खेचून खिळीतून उखडू पाहतो. होडीनं दिशा पालटली की एक दोर ओढायचा आणि दुसरा सोडायचा. फळीची आतली बाजू किंचित फुगीर आणि बाहेरची सपाट ठेवतात, म्हणजे वाहतं पाणी होडीला वाऱ्याकडे ओढून घेतं. खिळीची जागाही नेमकी लागते: फार पुढे घेतली तर होडी सारखी वाऱ्याकडे वळते, फार मागे गेली तर वाऱ्यापासून पळते. उथळ कालव्यांसाठी रुंद, पंख्यासारखी फळी आणि समुद्रासाठी लांब, अरुंद, असेही प्रकार झाले.

टेम्स नदीच्या मालवाहू बार्जेसनी हीच रचना वापरली. दोनच माणसं मोठी सपाट बार्ज सांभाळत. ‘केम्ब्रिया’ या बार्जनं 1970पर्यंत केवळ शिडावर मालवाहतूक केली. दरम्यान फळी होडीच्या बाजूवरून पोटातही गेली. जॉन शँक या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं 1774 साली बोस्टनला तळातून खाली सरकवता येणारा कणा बसवलेली नौका बांधली. 1811 साली न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंनी खिळीवर फिरून तळाच्या खाचेतून उतरणाऱ्या फळीचं पेटंट घेतलं. आज लहान मुलं ज्या ऑप्टिमिस्ट होडीवर शीड शिकतात, तिच्याही पोटात वरखाली करता येणारी फळी असते.

भारतात ही युक्ती पूर्व किनाऱ्याला ठाऊक होती. कोरोमंडलच्या मच्छीमारांची कट्टुमरम म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. त्याला कणा नाही, म्हणून शीड लावताना मच्छीमार बाजूनं फळी पाण्यात घालत.

आपल्या कोकणाला तिची गरज भासली नाही. मचवा आणि फत्तेमारी या तिथल्या नौका पुढच्या नाळेकडे खोल असल्यानं पाणी धरून चालत. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा या लढाऊ नौका मात्र उथळ होत्या. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की त्या लांबीच्या मानानं फार रुंद आणि थोड्याच पाण्यात चालणाऱ्या असत. वारा असला की गुराबा शिडावर धावत. वारा पडला की लहान गलबतं वल्ही मारत त्यांना ओढून नेत. फळीचं काम तिथे माणसांच्या मनगटांनी केलं. आरमाराला माणसं मिळतात, एकट्या मच्छीमाराला नाही.

म्हणूनच हिंगोलीच्या पाण्याला कोकणाचा कित्ता लागू होत नाही, डचांचा होतो. सिद्धेश्वरचे काठ काळ्या मातीचे, सावकाश उतरणारे. पावसाळ्यानंतर पाणी दूरवर पसरतं आणि उन्हाळ्यात इतकं मागे जातं की मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. अशा पाण्यात खोल कण्याची होडी वर्षातले कित्येक महिने काठालाच लागणार नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि बांध तिला आडवे येतील. आपटली तर वर उचलली जाणारी फळी इथेच शोभते. झाउडरझीलाही 1932 साली बांध घातला गेला आणि खाऱ्या आखाताचं गोडं सरोवर झालं. त्या पाण्यावर आजही बाजूला फळ्या लावलेल्या जुन्या होड्या चालतात.

सिद्धेश्वरचं पाणी गेल्या शतकाच्या साठच्या दशकातलं. एवढ्या अवधीत कोणत्याही समाजाची नौकाविद्या आपोआप तयार होत नाही. ज्या भोई कुटुंबांनी नदीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं, त्यांच्या पदरी तलावाचं पाणी अचानक आलं. त्यांना इंजिन घ्यायचं तर डिझेल लागतं, वल्ही मारायची तर खांदे. वारा फुकट आहे. सपाट होडी, लहान शीड, सागाच्या दोन फळ्या, दोन बोल्ट आणि दोन दोर एवढंच साहित्य आहे. मोंढ्यातला सुतार आणि लोहार मिळून ते करू शकतात. एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेनं आयटीआयच्या सुतारकाम विभागाला हाताशी धरून, अंगात लाइफ जॅकेट घालून, एक होडी बांधून पाहावी. बाराशे वर्षांत इतरांनी शोधलेलं उत्तर तयार आहे आणि ते नेमकं अशाच पाण्यासाठी आहे.